झाडं जरूर लावा, पण करवंदाची जाळी तोडून नको

ठाणे आणि नवी मुंबईच्या टेकड्यांवर दर पावसाळ्यात झाडं लावायला जाणाऱ्या सगळ्या ग्रुप्सना, एनएसएसच्या पोरापोरींना, सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामाचं, बजेट घेऊन येणाऱ्या कंपन्यांच्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मे महिना अर्धा झाला की सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर तेच मेसेज फिरायला लागतात, पाच जून पर्यावरण दिन, अमुक टेकडीवर वृक्षारोपण, टोपी आणि पाण्याची बाटली आणा, नाश्त्याची सोय केलेली आहे. तुम्ही रविवारची झोप सोडून डोंगर चढता, कितीतरी जण स्वतःच्या खिशातून रोपं आणतात, मार्च-एप्रिलच्या उन्हात कॅन खांद्यावर घेऊन पाणी घालायला जातात, हे मी बघितलंय आणि मला त्याचं खरंच कौतुक आहे. म्हणूनच हे पत्र महापालिकेला किंवा वनखात्याला न लिहिता तुम्हाला लिहितेय, कारण डोंगरावर कुदळ तुमच्या हातात असते. मागणं एकच आहे. खड्डे मारायच्या आधी "साफसफाई" म्हणून जी झुडपं काढली जातात ना, त्यातली करवंदाची जाळी काढू नका. एकही काढू नका.

मी ऐरोलीला राहते. मागच्या वर्षी मेच्या सुरुवातीला आमच्या बाजूच्या एका उतारावर एका ग्रुपने प्लांटेशनसाठी जागा घेतली, नाव घेत नाही, माणसं प्रामाणिक आहेत आणि मनापासून करतात. त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं जागा मोकळी करून दे, आणि त्याने कोयते आणि ब्रशकटर घेऊन माणसं पाठवली, त्यांनी सांगितलेलं काम केलं. मी संध्याकाळी वर गेले तेव्हा जाळ्या कापून झाल्या होत्या. बुंध्यांमधून पांढरा चीक अजून गळत होता, खालच्या मुरमावर त्याचे ठिपके पडलेले, आणि बाजूला रचलेल्या काट्यांच्या ढिगात फांद्यांना करवंदं तशीच लटकत होती, बरीचशी हिरवी, काही गुलाबी, काही एका अंगाने काळी पडायला लागलेली. आठवडाभर थांबले असते तरी पाड्यावरच्या बायकांनी ती उतरवून नेली असती. एका मोठ्या जाळीच्या बरोबर मधोमध खैराचं एक रोप होतं, कमरेएवढं, सरळ वाढलेलं, बकरीने एकदाही तोंड न लावलेलं, तेही जाळीबरोबर मुळाजवळ कापलं गेलं. ज्याने कापलं त्याला तिथे रोप आहे हे दिसलंही नसणार.

त्या जागेवर जूनमध्ये गुलमोहर लागले, रेन ट्री लागले, थोडी करंज लागली, फोटो झाले. यंदा एप्रिलमध्ये बघितलं तर करंजाची काही रोपं तग धरून आहेत, बाकीच्या बहुतेक काठ्या झाल्यात. आणि कापलेल्या करवंदाच्या बुंध्यांना खालून कोवळे फुटवे आलेत, एक थेंब पाणी कोणी घातलेलं नसताना. फुटवे आले म्हणून फळ लगेच येत नाही, जाळी पुन्हा पहिल्यासारखी भरायला वर्षं जातात, तोवर त्या उतारावरून कोणाला काही मिळणार नाही.

आता मला जे मुख्य सांगायचंय त्याकडे येते. आपल्या शहरातल्या लोकांना करवंद म्हणजे मे महिन्याची मजा, डोंगराची काळी मैना, पळसाच्या पानाचा द्रोण, दाताने फोडून आत लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरं निघालं तर कोंबडी. मलाही ते आवडतं. पण पाड्यावर करवंद कोणत्या दिवसात येतं ते जरा बघा. भात, नाचणी, वरी निघते दिवाळीच्या आगेमागे. जमीन थोडी, तीही उताराची, कितीतरी घरांना तर नाहीच, त्यामुळे घरचं धान्य होळीपर्यंत पुरलं तरी खूप झालं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, पनवेलच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात, तेव्हा बऱ्याच जणांची उचल, म्हणजे मालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटलेली नसते, हातात रोख काही नसतं, आणि पुढे पावसाळा पडलेला असतो ज्यात लावणीचे दिवस सोडले तर मजुरी नाही. जुनं धान्य संपलेलं, नवं यायला चार-पाच महिने, अशा मधल्या दिवसांत माणसाला रान सांभाळतं. उन्हाळ्यात करवंदं, तोरणं, आटकं, अळूची फळं, जांभळं, मग पहिल्या पावसाबरोबर शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, आणि अगदीच ओढ लागली की कडू कंद, ज्याचे काप करून राख घालून उकडायचे, वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे तोंडात घालता येतात.

ह्या सगळ्यात करवंद सगळ्यात सोपं. शिजवायला सरपण लागत नाही, झाडावर चढावं लागत नाही, लहान पोरगंही उभ्या उभ्या तोडून खातं, आणि मुख्य म्हणजे आदल्या वर्षी पाऊस ओढला तरी जाळी काही ना काही देते, कारण तिची मुळं खडकाच्या फटीतून खोल गेलेली असतात. कच्ची करवंदं मीठ-मिरची घालून पाट्यावर रगडली की नुसत्या नाचणीच्या भाकरीबरोबर पोट भरतं, वेगळं कालवण लागत नाही. जास्तीची फोडून उन्हात वाळवतात, ती पावसाळ्यात आमटीला, सुक्या माशाला आमसुलाच्या जागी होतात. पिकलेली पोरं दिवसभर खात फिरतात, त्यात व्हिटॅमिन सी असतं, लोह असतं, आणि त्या दिवसात त्या पोरांच्या पोटात दुसरं कुठलं फळ जाणार आहे सांगा? आपल्या घरी आंब्याची पेटी येते तेव्हा त्यांच्याकडे जाळी असते.

माझे सासरे मूळचे बीडकडचे, ७२ च्या दुष्काळात शाळकरी होते. खडी फोडायच्या कामावरून आईने आणलेली सुकडी आणि रेशनला मिळणारा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, हे ते अजून सांगतात, आणि त्याच दमात रानातली बोरं आणि तरोट्याची भाजी सांगतात, म्हणजे इथे आपण ज्याला टाकळा म्हणतो तो. सरकारी मदत येईपर्यंतचे दिवस आणि ती पुरत नव्हती ते दिवस त्या बोरांवर निघाले असं त्यांचं म्हणणं. इकडे कोकणपट्टीत पाऊस भरपूर म्हणून आपल्याला वाटतं इथे कसला दुष्काळ, पण जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने लहान मुलं गेली तेव्हा जव्हार आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. भरपूर पाऊस पडणाऱ्या डोंगरातही उपासमार होते, ती दरवर्षी ठराविक महिन्यात होते आणि पेपरात येत नाही. करवंदाने कुपोषण जाईल असं मी म्हणत नाही, रेशन, अंगणवाडी, दवाखाना, हाताला काम ह्याची जागा कुठलंच रानफळ घेऊ शकत नाही. पण ज्या घरात आधीच कमी आहे तिथलं फुकट मिळणारं एक फळ आपण शहरातून जाऊन कापून टाकायचं, तेही निसर्गाचं भलं करायच्या नावाखाली, हे मला सहन होत नाही आणि तुम्हालाही होणार नाही अशी खात्री आहे म्हणून लिहितेय.

खाण्यापलीकडे पैशाची गोष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये ठाणे स्टेशनच्या बाहेर, जांभळी नाक्याला, बेलापूर-खारघरला, आमच्या ऐरोलीत ज्या बायका पाटी घेऊन बसतात त्या काही शेतातलं पीक आणत नाहीत. कोणी येऊरच्या पाड्यांवरून, कोणी खारघरच्या डोंगरावरच्या चाफेवाडी-फणसवाडीकडून, कोणी कसाऱ्याच्या पहिल्या लोकलने खर्डी-आसनगावहून. आदल्या दिवशी उन्हात जाळ्यांमध्ये हात घालून तोडायचं, हाताला ओरखडे, बोटं चिकाने चिकट झालेली, रात्री पानं खुडून द्रोण लावायचे, पहाटे निघायचं. त्या पैशातून पावसाळ्याचं मीठ-मिरची-तेल भरून ठेवतात, घरावर टाकायला ताडपत्री घेतात, पोरांच्या वह्या येतात. आमच्या मार्केटजवळ बसणारी एक ठाकर मावशी मला सांगत होती, "ताई, पयले घराच्या मागंच जाळी व्हती, आता लय लांब जावा लागतं. काय जाळी वणव्यात गेली, काय प्लॉटवाल्यानं कुंपण घातलं तिकडं गेली, न काय झाडं लावणारे आले त्यांनी काढली." तिसरं कारण ऐकून मला बोलता येईना. वणवा आणि प्लॉटिंग ह्यांच्या रांगेत तिने आपल्याला बसवलं होतं, आणि तिच्या बाजूने बघितलं तर तिचं चूक काय?

आणि हे सगळं बाजूला ठेवलं, फक्त तुमच्या झाडांचा विचार केला तरी जाळी ठेवणं तुमच्याच फायद्याचं आहे. करवंद बारा महिने हिरवं असतं. एप्रिलमध्ये पारसिकचा डोंगर, घणसोलीचा गवळीदेव, खारघरची टेकडी, सगळं गवत वाळून पिवळं पडतं तेव्हा जे हिरवे ठिपके दिसतात त्यात करवंदाचे पुष्कळ असतात. पावसात उतारावरून पाणी सुटतं तेव्हा माती जाळीच्या बुडाशी अडते, तिथेच पालापाचोळा साठतो, ओल टिकते. बुलबुल, तांबट, कोकिळा फळं खायला येऊन बसतात आणि दुसऱ्या झाडांच्या बिया तिथेच टाकून जातात, त्या बिया जाळीच्या आत रुजतात, वरून सावली आणि चारी बाजूंनी काटे, त्यामुळे शेळी-गुरं तोंड घालू शकत नाहीत. जाळी म्हणजे मोठ्या झाडांचं पाळणाघर आहे. खैर, आपटा, बेल, ऐन ही रोपं जाळीच्या आतून डोकं वर काढतात आणि उंच झाली की आपापली वाढतात. तुम्ही हजारो रुपये देऊन बांबूचे नाहीतर लोखंडी ट्री-गार्ड घेता, ते काम ही जाळी तिथे आधीपासून करत असते. वणवा लागला तर ट्री-गार्डमधलं रोप संपतं, करवंद मात्र खालून परत फुटतं.

मग ती काढायची तरी का? मी विचारलं तेव्हा मला जी उत्तरं मिळाली ती सांगते. काटे असतात, व्हॉलंटियर्सना लागतात. मान्य आहे, जोडीने येणारे चांगले कडक काटे असतात, पण मग जाळीपासून चार हात लांब खड्डा मारा ना. साप असतात असं म्हणतात, तर साप गवतातही असतो आणि दगडाखालीही असतो, डोंगरावर बूट घालून जायचं आणि हात घालायच्या आधी बघायचं एवढंच. पण खरं उत्तर मला एका ओळखीच्या माणसाने दिलं जो कंपन्यांसाठी प्लांटेशनची कामं घेतो, तो म्हणाला रिपोर्टमध्ये झाडांचा आकडा लागतो, जाळीचा कॉलम नसतो. ह्यात सगळं आलं. आपल्या राज्यात २०१७ ते २०१९ ह्या काळात ५० कोटी झाडांचा संकल्प झाला, नुसतं २०१९ च्या पावसाळ्याचं टार्गेट ३३ कोटी होतं, तेव्हापासून तर किती लावली हाच प्रश्न सगळीकडे आधी विचारला जातो, तिथे आधी काय उभं होतं हे कोणी विचारत नाही. त्यामुळे गवत आणि झुडपं असलेली जागा कागदावर "ओसाड" होते. आपल्या टेकड्यांवर पूर्वी अशीच ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प लावलं गेलं, पटकन हिरवं दिसतं म्हणून, आणि आज तिथे खाली उभं राहून बघा, खायला काहीच सापडणार नाही, ना माणसाला ना पाखराला.

सीएसआरवाल्यांना म्हणून खास विनंती, तुमच्या रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढवा, "राखलेल्या जाळ्या". फोटो काढा, लोकेशन टाका, पुढच्या वर्षी परत जाऊन बघा. लावलेल्या रोपांपेक्षा ह्याच कॉलमचा रिझल्ट चांगला येईल, आणि खर्च शून्य.

बाकीच्यांनी एवढं करा. जागा ठरली की खड्डे मारायच्या आधी, शक्यतो एप्रिल-मेमध्येच, जवळच्या पाड्यावरच्या एक-दोन जाणत्या बायकांना बरोबर घेऊन तो उतार फिरा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या. कुठली जाळी गोड, कुठली आंबट, कुठली दरवर्षी लागते आणि कुठली वर्षाआड, हे त्यांना पाठ असतं. त्या सांगतील त्या जाळ्यांना रंगीत रिबन बांधा आणि कॉन्ट्रॅक्टरला लेखी द्या की रिबनला हात लावायचा नाही. खैर, बेल, आवळा, जे काय लावायचंय ते जाळीच्या कडेला लावा. आणि जिथे उतार खरंच उघडा पडलाय तिथे करवंदच लावा. पिकलेल्या फळातलं बी काढून धुवून लगेच पेरायचं, ठेवून दिलं तर त्याची उगवण कमी होते, म्हणून हे काम मे-जूनमध्येच उरकायला हवं. साधारण तिसऱ्या वर्षापासून फळ धरायला लागतं. फक्त बिया गोळा करताना येऊरसारख्या नॅशनल पार्कच्या हद्दीतून काही उचलू नका, तिथे कायद्याने बंदी आहे. बाजारात बसलेल्या मावशीकडून करवंदं विकत घ्या, खा, आणि बिया ठेवा, तिला पैसे मिळतील आणि तुम्हाला आपल्याच डोंगरातलं बियाणं मिळेल. नर्सरीतून घ्यायचं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड नावाची मोठ्या फळाची जात आहे, ती सोसायटीच्या बागेला उत्तम, डोंगरावर मात्र तिथलंच रानटी बी वापरा असं माझं मत आहे.

सोसायट्यांच्या कमिट्यांना सांगते, घोडबंदर रोडला काय, पाम बीचला काय, कंपाउंडला आतून शोभेची झुडपं लावून दर महिन्याला माळ्याकडून कापून घेता, त्याऐवजी एका बाजूला करवंदाचं कुंपण करून बघा. कोकणात वाडीला जुन्या काळापासून करवंदाचं कुंपण असायचं, त्यातून कुत्रंही आत येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी चांदणीसारखी फुलं येतात, मोगऱ्याच्या जवळचा वास येतो, आणि मेमध्ये सोसायटीतली पोरं मोबाईल ठेवून खाली उतरतील, हे मी आमच्याकडे बघितलंय. कच्च्याचं लोणचं घाला, गूळ घालून चटणी करा. लहान मुलं खेळतात त्या बाजूला लावू नका, काटे लागतात.

आणखी एक, हे जरा स्पष्टच बोलते. हल्ली "वाइल्ड फूड वॉक" सुरू झालेत, चांगली गोष्ट आहे, लोकांना कळतंय. पण पन्नास जण गाड्या घेऊन येऊन एका दुपारी जाळ्या ओरबाडून जातात, फांद्या मोडतात, पिशव्या भरून जॅम करायला नेतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन येणाऱ्या बाईला मोकळी जाळी मिळते. जंगलात राहणाऱ्या लोकांचा गौण वनोपज, म्हणजे रानातली फळं, पानं, मध वगैरे, गोळा करायचा आणि विकायचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला आहे, आपण तिथे पाहुणे आहोत. मूठभर खा, बाकी विकत घ्या, आणि विकत घेताना वाट्यामागे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

यंदाच्या प्लांटेशनच्या तारखा तुमच्या ठरल्या असतील. ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या बाजूच्या उतारांवर कोणी जाणार असाल तर आधी मला मेसेज टाका, रिबन मी आणून ठेवलीय, आमच्या मार्केटमधल्या मावशीशी आणि तिच्या जावेशी बोलणं झालंय, त्या यायला तयार आहेत, फक्त सकाळी लवकर निघावं लागेल कारण दहानंतर त्यांना बाजारात बसायचं असतं. ठाणे, कळवा, बेलापूर, खारघरच्या ग्रुप्सनी आपापल्या बाजूच्या पाड्यांवर ह्याच आठवड्यात जाऊन या, पहिला पाऊस पडला की करवंदं संपतात आणि मग कुठली जाळी चांगली लागते हे दाखवायला कोणाकडे काही उरत नाही.

तुमच्यातलीच एक,
ऐरोली, नवी मुंबई